टीपीए३११६ अ‍ॅम्प, आठ महिन्यांनंतर: आवाजावर खूश, व्हॉल्यूमच्या नॉबवर नाराज

आठ महिने रोज वाजलेला, टीपीए३११६ या चिपवर चालणारा, फोनचा सिग्नल वाढवून स्पीकर वाजवणारा दोन चॅनेलचा अ‍ॅम्प आणि जुन्या बाजारातले पाच इंची वूफरचे, ८ ओहमचे बुकशेल्फ स्पीकर. सगळं मिळून सहा हजारांच्या आत. एवढ्या पैशांत गाण्याचा आवाज इतका मोकळा आणि तबल्याचा बायाँ (डग्गा) इतका भरीव मिळतो की नावं ठेवणं जिवावर येतं. पण व्हॉल्यूमच्या नॉबबद्दल लिहायलाच हवं.

रात्री अकरानंतर शेजारी ऐकू जाणार नाही इतक्या आवाजात तानपुरा लावा. तो मधोमध न राहता उजव्या स्पीकरकडे सरकतो. नॉब आणखी थोडा खाली आणला की डावी बाजू पार गप्प, उजवी मात्र चालूच. वर नेला की दोन्ही सारख्या. पहिले दोन महिने दोष स्पीकरचा वाटत होता. मग अ‍ॅम्पमागे दोन्ही स्पीकरच्या वायरी अदलाबदल केल्या, तर गप्प बसणारा स्पीकर वाजू लागला आणि वाजणारा गप्प झाला. म्हणजे स्पीकर ठीक, गडबड अ‍ॅम्पमध्ये.

कारण साधं आहे. नॉबखाली एकाच दांड्यावर ५० के (किलोओहम) चे दोन पॉट, म्हणजे फिरवून कमी-जास्त होणारे रेझिस्टर असतात, डाव्या-उजव्याला एकेक. स्वस्त पॉटमधल्या दोन कार्बन पट्ट्या खालच्या टोकाला एकमेकींशी जुळत नाहीत. अर्ध्याच्या वर फरक कानाला कळत नाही. यात भर म्हणजे गेन, म्हणजे चिप सिग्नल किती वाढवते ते. या चिपला २०, २६, ३२ किंवा ३६ डेसिबल गेन ठेवता येतो, आणि फोनचा सिग्नल घरच्या ऐकण्यासाठी इतका पुरेसा असतो की नॉब घड्याळातल्या नऊच्या जागेपुढे जातच नाही. म्हणजे तो कायम त्याच्या सर्वांत वाईट भागात फिरतो. विक्रेत्याचं उत्तर: ‘आवाज वाढवून ऐका.’ फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला हे उत्तर देणं चूक आहे. घरात ऐकताना एखाद-दुसरा वॉटही लागत नाही, म्हणून खोक्यावरच्या वॉटपेक्षा हा तळाचा भाग नीट असणं जास्त महत्त्वाचं.

आधी मला वाटलं होतं की कॉन्टॅक्ट क्लीनरने काम होईल. नाही झालं. फवारून नॉब वीस-पंचवीस वेळा फिरवला की खरखर जाते, डाव्या-उजव्याचा फरक तसाच राहतो. त्याचा इलाज म्हणजे ४७ के, पाव वॉट, १ टक्क्याचे मेटल फिल्मचे दोन रेझिस्टर. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चिल्लर पैशांत मिळतात. पाच-सहा घ्या, मल्टिमीटरवर मोजून सर्वांत जवळची जोडी निवडा.

अ‍ॅम्प उघडायची गरज नाही, फोनपासून येणारी ऑक्सची केबल मधून कापा. पिनच्या टोकाला डावा, मधल्या कड्याला उजवा, मुळाशी ग्राउंड. रंगांवर भरवसा ठेवू नका, मीटरने तपासा. आतल्या बारीक तारांवर इनॅमलचा थर असतो. तो खरवडल्याशिवाय किंवा डाग देताना जाळल्याशिवाय झाळ धरत नाही आणि एक बाजू बंद पडते. डाव्यात एक, उजव्यात एक रेझिस्टर मालिकेत, ग्राउंड सरळ जोडायचा, प्रत्येकावर वेगळी हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). सिग्नल साधारण निम्म्यावर येतो, नॉब अकरा-बारावर जातो आणि तानपुरा मधोमध बसतो. जोर कमी पडला तर २२ के लावा. ब्लूटूथचा सिग्नल या केबलमधून येत नाही, तिथे फोनवरूनच आवाज कमी ठेवावा लागेल.

अ‍ॅडॉप्टरबद्दल थोडक्यात. १२ व्होल्टवर ८ ओहमला नऊएक वॉट, लॅपटॉपच्या १९ व्होल्टवर बावीसएक. रात्री फरक शून्य, दिवसा जोरात लावलं तर १९ वर बायाँ फाटत नाही. २४ व्होल्ट लावण्याआधी बोर्डावरचे मोठे कपॅसिटर बघा. २५ व्होल्टचे असतील तर १९ वरच थांबा. तीन पिनी अ‍ॅडॉप्टर आणि कॉम्प्युटर एकत्र जोडल्यावर घूंऽऽ आवाज आला तर तो ग्राउंड लूप, म्हणजे ग्राउंड दोन वाटांनी जोडला गेल्याचा. लाइनमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर टाका, अर्थिंगची पिन कधीही तोडू नका.

आणि कळकळीची विनंती: दोन्ही स्पीकरच्या काळ्या वायरी एकत्र जोडू नका, ग्राउंडलाही नको. या चिपमध्ये काळ्या टर्मिनलवरही सिग्नल असतो, चिप जाऊ शकते. लाल-काळा एका बाजूला उलटा लागला तर काही जळत नाही, पण बायाँ नाहीसा होतो आणि लोक स्पीकरला शिव्या देतात.

टाइल्सच्या खोलीत समोर सतरंजी टाका, स्पीकर भिंतीपासून वीतभर तरी पुढे घ्या.

स्पीकरला कान लावला की येणारी बारीक सूंऽऽ अजून आहे. ती पॉटच्या पुढे, चिपमध्ये तयार होते, त्यामुळे या रेझिस्टरांनी ती कमी होणार नाही. दोन मीटरवर बसल्यावर ऐकू येत नाही.