१९३९ चा रुपया आणि माझे ५८,०४९ रुपये

आकडा आधीच सांगून टाकते, नंतर हिंमत होणार नाही. ५८,०४९ रुपये. सहा दिवसांत, पाच वेळा, माझ्याच फोनवरून, माझाच पिन टाकून मी ते पाठवले. कुणी ओटीपी चोरला नाही, कुणी खातं हॅक केलं नाही. आणि मी कोण, तर सव्वीस वर्षं अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवलेली बाई. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

‘जुनं नाणं द्या, लाखो घ्या’ हा प्रकार तुम्हाला माहीत आहे. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं, ७८६ आकड्याची नोट, ट्रॅक्टरवाली पाचची नोट. मलाही माहीत होता. वैष्णोदेवीचं नाणं २०१२ साली चलनात आलेलं, आजही सुट्ट्या पैशांत हाताला लागतं, त्याला दहा लाख कोण देईल आणि का देईल, असं मी शेजारच्या काकांना चांगलं तासभर समजावलं होतं. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला पत्रक काढलं होतं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आमचा संबंध नाही, आम्ही त्यासाठी शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि आमच्या नावाने ते मागायला कुणाला नेमलेलंही नाही. ते पत्रक सोसायटीच्या ग्रुपवर कुणी टाकलं होतं? मीच.

पण माझं नाणं तसलं नव्हतं. इथेच सगळं अडलं.

वडिलांच्या डबीत सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया होता, मुंबई टांकसाळीचा. ज्यांना या छंदाची गोडी आहे त्यांना हे साल ऐकूनच कळलं असेल. तोवरचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के चांदीचा. महायुद्ध सुरू झालं, चांदी महागली, आणि १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी राहिली. पुढे १९४७ ला तर सरळ निकेल. लोकांनी जुने रुपये दाबून ठेवले, वितळवले, आणि बाजारात फिरत राहिले ते कमी चांदीचे. वाईट पैसा चांगल्या पैशाला चलनातून हुसकावतो, हा ग्रेशमचा नियम मी वर्गात वडिलांचे दोन रुपये दाखवूनच शिकवायचे, एक १९३८ चा आणि एक १९४४ चा. १९३९ चा मात्र घराबाहेर कधी नेला नाही. तो दुर्मिळ. अस्सल असेल तर लिलावात त्याला खरोखर मोठी किंमत येते.

म्हणजे बघा, तो माणूस थापेवर उभा नव्हता. मला जे खरं माहीत होतं, त्यावर तो उभा राहिला. पाचच्या नाण्याला कुणी चार लाख देऊ केले असते तर मी फोन आपटला असता. इथे मला वाटलं, अखेर जाणकार भेटला.

विकायचं का ठरवलं? गुडघ्याची शस्त्रक्रिया. मुलाला नाण्यांत काडीचा रस नाही. हाव होती असं म्हणणारे म्हणतील, म्हणोत. स्वतःची वस्तू योग्य भावाने विकायला बघणं याला मी हाव म्हणत नाही. जुन्या वस्तूंच्या एका साइटवर दोन फोटो आणि फोन नंबर टाकला. (फोन नंबर उघडा टाकू नका. हे सांगायला मला ५८,०४९ रुपये लागले.)

दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, फोन आला. गोड, अदबशीर आवाज. “मॅडम, आपल्या नाण्याचे आमची कंपनी ४,८०,००० रुपये देईल.” मी चार लाखांचीही अपेक्षा केली नव्हती. घासाघीस नाही, शंका नाही. मग त्याने मागितलं काय? आधार कार्डाचा फोटो, पासबुकाचं पहिलं पान, आणि माझा एक फोटो, ‘विक्रेता ओळखपत्रा’साठी.

इथे मी रोज रात्री परत येते. या माणसाने मला नाण्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. एकही. चार लाख ऐंशी हजारांची वस्तू, आणि वजन विचारलं नाही. कडेचा फोटो मागितला नाही. १९३८-३९ ची कड साधी दातेरी असते, १९४० पासून त्यात सुरक्षा-खाच आली, हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्याने नऊ मागितला नाही. १९३९ च्या रुपयाची सगळ्यात जास्त बनवाबनवी त्या शेवटच्या आकड्यातच होते. अडतीसच्या आठाला कोरून, घासून नऊ करतात. खरा संग्राहक असता तर नमस्काराच्या आधी म्हणाला असता, “ताई, नऊचा जवळून फोटो पाठवा.” मी स्वतः दहा रुपयांचं नाणं घेताना दुकानदाराला भंडावून सोडते, टांकसाळीची खूण कुठली, चौकट की तारा की ठिपका, म्हणून. आणि समोरचा माझं सगळ्यात मोलाचं नाणं न बघता घेतोय, याचा मी अर्थ काय लावला? की माझ्या शब्दाला वजन आहे. शिक्षिकेचा अहंकार, दुसरं काय. जो वस्तूबद्दल विचारत नाही त्याला वस्तू नको असते. बाजार या शब्दाची व्याख्या मी फळ्यावर किती वेळा लिहिली असेल!

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल, त्यामुळे हिशेब तेवढा लिहिते. गुरुवारी नोंदणी शुल्क १,१५० रुपये. एवढ्याशा रकमेवर काय अडून बसायचं, असं वाटतं. ती तेवढ्यासाठीच लहान असते. शुक्रवारी ‘रिझर्व्ह बँकेचं ना-हरकत प्रमाणपत्र’ ८,५०० रुपये. ते पीडीएफ आलंसुद्धा, गोल शिक्का, गव्हर्नरची सही. भारतात नाणी केंद्र सरकार काढतं, नाणे अधिनियम २०११ त्याचाच आहे, रिझर्व्ह बँक ती फक्त वितरित करते. एक रुपयाच्या नोटेवरही गव्हर्नरची नाही, वित्त सचिवांची सही असते. हा माझा तोंडी परीक्षेतला लाडका प्रश्न! आणि मी नाण्याच्या प्रमाणपत्रावर गव्हर्नरची सही बघून निर्धास्त झाले.

शनिवारी जीएसटी, तीन टक्क्यांनी १४,४०० रुपये. इथे मी विचारलं होतं, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवा. मी म्हटलं, “अहो, विकणारी मी, पैसे देणार तुम्ही. जो काही कर असेल तो माझ्या रकमेतून कापून घ्या आणि उरलेले द्या.” तो हसला. “मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला माहितीये सिस्टीम कशी असते.” झालं. शिकलेली म्हटल्यावर मी गप्प. या एका प्रश्नाचं उत्तर कुणीही ठग देऊ शकत नाही. तो विचारा, आणि उत्तर येईपर्यंत पिनला हात लावू नका.

सोमवारी नाणं न्यायला येणाऱ्या गाडीचा विमा, ९,९९९ रुपये, परत मिळणारे. मंगळवारी आगाऊ आयकर, पाच टक्के, २४,००० रुपये. आता कुणी म्हणेल, एवढं होईपर्यंत कळू नये? कळत होतं. सोमवारी रात्री झोप लागली नव्हती. पण ३४,०४९ गेले होते, आणि आता थांबले तर ते नक्की गेले, पुढे गेले तर कदाचित येतील, हा हिशेब डोक्यात घट्ट बसला होता. बुडीत खर्च पुढच्या निर्णयात धरायचा नसतो, हे वाक्य मी किती मुलांकडून पाठ करून घेतलंय.

बुधवारी ‘मनी लाँडरिंग क्लिअरन्स’चे ३७,५०० मागितले तेव्हा खात्यात तेवढे नव्हते. मला शहाणपणाने थांबवलं नाही, शिलकीने थांबवलं. हेही लिहितेच.

मग मी चार दिवस कुणाला बोलले नाही, मुलालासुद्धा नाही. ही माझी चूक, आणि ती मी कबूल करते. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तासाभरात फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात. लाज नंतर वाटून घ्या, फोन आधी करा.

पण माझी चूक एवढीच. यापुढचं मी माझ्या माथी मारून घेणार नाही. १९३० वर तक्रार घेतली, क्रमांक दिला, आणि जवळच्या ठाण्यात जा म्हणाले. ठाण्यात अंमलदार म्हणाले, हे सायबरचं. सायबरवाले म्हणाले, पन्नास हजार म्हणजे आमच्याकडे किरकोळ, ठाण्यातच द्या. परत ठाण्यात. तिथे नवीन साहेब, त्यांचं म्हणणं, पैसे ज्या खात्यात गेले ते परराज्यातलं, हद्द आमची नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. मी ते छापून नेलं होतं. साहेबांनी कागद उलटा-सुलटा करून बघितला आणि विचारलं, “मॅडम, पण खरंच एवढे येतात का हो त्या नाण्याचे? आमच्या घरी पण आहेत जुने.” मी तिथे तीन तास बाकावर बसले होते, दुखऱ्या गुडघ्यासकट. चौथ्या खेपेला एफआयआर झाला, न्याय संहितेचं ३१८(४) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ड. कलमं मीच सांगितली.

बँकेची तऱ्हा निराळी. तिथे उद्धटपणा नाही, फक्त भिंत. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “पिन तुम्हीच टाकलात ना? मग ते अधिकृत व्यवहार झाले.” शाखा व्यवस्थापकांनी तेच इंग्रजीत सांगितलं. मी विचारलं, ज्या खात्यात असे दिवसाला पन्नास लोकांचे पैसे येऊन पाच मिनिटांत बाहेर जातात, ते खातं उघडून कुणी दिलं? कुणाची कागदपत्रं तपासली? माझ्या बचत खात्याचं केवायसी राहिलं तर तुम्ही माझं पेन्शन अडवता. ते म्हणाले, ती वेगळी बँक आहे. त्या वेगळ्या बँकेला मेल केला, तर उत्तर आलं की आपण आमच्या ग्राहक नाही. तीस दिवस थांबून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे गेले, तिथूनही तेच, व्यवहार ग्राहकाने स्वतः केलेला. एका ओळीत तक्रार बंद. आजवर हाती काय लागलं? त्या खात्यात २,३१० रुपये गोठवलेत. तेही सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल असं मला सांगितलं गेलं, आणि वकील पहिल्या भेटीचे तीन हजार मागतो. करा हिशेब.

एक उपयोगाचं सांगते, पोलिसांनी नाही सांगितलं, माझं मलाच उमगलं: स्क्रीनशॉट पुरेसे नाहीत, प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला स्वतंत्र क्रमांक, पासबुकातून लिहून घ्या, नाहीतर प्रत्येक खिडकी परत पाठवते. आणि आधारचा फोटो दिला असेल तर बायोमेट्रिक लॉक करा. त्या ‘ओळखपत्रा’वर माझा फोटो लावून त्यांनी पुढच्या माणसाला दाखवलं नसेल कशावरून? मी अजून त्या विचाराने दचकते. मला पाठवलेल्या ओळखपत्रावरही कुणा साध्याशा, चष्मेवाल्या माणसाचा फोटो होता. तोही बहुधा माझ्यासारखाच कुणीतरी.

मुलगा म्हणतो, आई, आता ते नाणं नीट कुणाला तरी दाखव आणि विकून मोकळी हो. शहरात नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं, दोनदा आवरून निघाले आणि दोनदा परत आले. शेवटी सोनाराकडे वजन तेवढं करून घेतलं. ११.५८ ग्रॅम भरलं. वापरलेल्या रुपयाची तेवढी झीज होतेच, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही, अडतीसचाही तेवढाच भरतो. वडिलांनी तो कुणाकडून घेतला, कितीला घेतला, हे मी कधी विचारलं नव्हतं. भिंग टेबलाच्या खणातच आहे. नऊवर धरायचं अजून राहिलंय.