पॉवरपॉइंटमध्ये मराठी मजकूर लहानमोठा करताना आणि वाकवताना

मराठी स्लाइड करणाऱ्यांसाठी पॉवरपॉइंट आजही सगळ्यांत समर्थ साधन आहे. पण त्याची मजकूर आपोआप बसवण्याची सोय इंग्रजी अक्षरांच्या मापाची आहे. देवनागरीला ओळीच्या वरही जागा लागते आणि खालीही: वर रफार, वेलांटी, अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. नेमकी हीच जागा पॉवरपॉइंट आधी कापतो.

मजकूर चौकटीत मावेनासा झाला, की 'श्रिंक टेक्स्ट ऑन ओव्हरफ्लो' कामाला लागतं. तयार मांडणीच्या चौकटीत ते मुळातच चालू असतं. ते अक्षर बारीक करतं, शिवाय ओळींमधलं अंतरही १० किंवा २० टक्क्यांनी कमी करतं. ऑफिसच्या नेहमीच्या थीममध्ये मुख्य मजकुराचं अंतर आधीच एका ओळीच्या ०.९ पट असतं. त्यातून आणखी कापल्यावर वरच्या ओळीतला 'कृ' खालच्या ओळीतल्या 'र्की'वर जाऊन बसतो आणि मागच्या बाकावरून काही लागत नाही. दुसरा तोटा असा, की प्रत्येक स्लाइडचा आकडा वेगळा होतो: एकीवर २८, दुसरीवर २४, तिसरीवर त्याहून कमी. सादरीकरण विस्कळीत दिसण्याचं हे फार मोठं कारण आहे.

म्हणून पहिलं काम म्हणजे ही सोय बंद करणं. चौकटीवर उजवी क्लिक करून 'फॉरमॅट शेप' उघडा, 'साइझ अँड प्रॉपर्टीज'मध्ये 'टेक्स्ट बॉक्स'खाली जा आणि 'डू नॉट ऑटोफिट' निवडा. कायमचं बंद करायचं असेल तर फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स या वाटेने 'ऑटोफॉरमॅट अॅज यू टाइप'मध्ये जाऊन शीर्षक आणि मजकूर, दोन्हींच्या ऑटोफिटच्या खुणा काढा. मग ओळींचं अंतर 'मल्टिपल'मध्ये १.१ ठेवा. 'एग्झॅक्टली' वापरू नका. तिथे अंतर पॉइंटमध्ये बांधलेलं असतं, अक्षर मोठं केलं तरी ते वाढत नाही आणि मात्रा पुन्हा एकमेकींत अडकतात. एवढं करूनही मजकूर मावत नसेल तर दोन स्लाइड करा, तोच खरा उपाय.

हाताने आकार बदलायची सोय मात्र उत्तम आहे. हव्या तेवढ्या चौकटी एकदम निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि > दाबलं, की प्रत्येक मजकूर आपापल्या जागेवरून एक पायरी चढतो: ४४ चं शीर्षक ४८ होतं, २८ चा मजकूर ३२. उतरवायला >च्या जागी <. आकड्यापुढे '२४+' असं दिसलं, तर निवडीत वेगवेगळी मापं आहेत आणि त्यांतलं सगळ्यांत लहान २४ आहे. चौकटींचा गट करून कोपरा ओढला तर चौकटी मोठ्या होतात, अक्षरं जिथल्या तिथे राहतात. नवख्यांना हे हमखास गोंधळात टाकतं.

फॉन्ट बदलला, की तोच आकडा वेगळा दिसतो. निर्मला यूआय ठसठशीत आहे. कोकिला आणि अपराजिता त्याच पॉइंटला बरेच लहान दिसतात. त्यामुळे आकड्यावर विसंबू नका, स्लाइड पूर्ण पडद्यावर करून चार पावलं मागे जाऊन वाचून पाहा. अक्षरांमधलं अंतर, म्हणजे 'कॅरेक्टर स्पेसिंग', मराठीत वाढवू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

आता आकार देण्याचं. 'शेप फॉरमॅट', 'टेक्स्ट इफेक्ट्स', 'ट्रान्सफॉर्म' इथे दोन गट आहेत आणि त्यांच्यातला फरक मराठीसाठी निर्णायक आहे. 'फॉलो पाथ' अक्षरं न वाकवता फक्त फिरवून कमानीवर ठेवतं, त्यामुळे दर सांध्याला शिरोरेषेत खाच पडते. 'वॉर्प' अक्षराची बाह्यरेषाच वाकवतं, म्हणून शिरोरेषा सलग राहते. संस्थेचं नाव कमानीत हवं असेल तर वॉर्पमधलीच कमान घ्या आणि रंगीत ठिपका ओढून वाक सौम्य ठेवा. पूर्ण वर्तुळात देवनागरी बसवायचा हट्ट सोडलेला बरा.

वॉर्प लावल्यावर फॉन्टचा आकडा जवळजवळ निरुपयोगी होतो; अक्षर चौकटीएवढं ताणलं जातं. इथे एक मेख आहे. 'कमल' आणि 'पूर्ती' एकाच उंचीच्या दोन चौकटींत ठेवले, तर 'कमल'ची अक्षरं मोठी दिसतात, कारण 'पूर्ती'ची बरीचशी उंची मात्रा आणि उकार खातात. दोन्ही शब्द शेजारी हवे असतील तर एकाच चौकटीत लिहा.

अक्षराचा एखादा फराटा हाताने बदलायचा असेल तर २०१३ पासूनच्या आवृत्त्यांत 'मर्ज शेप्स' आहे. मजकुरापेक्षा मोठा आयत काढा, दोन्ही निवडा, 'इंटरसेक्ट' करा. अक्षरं आकृती होतात आणि 'एडिट पॉइंट्स'ने हवी तशी घडवता येतात. त्यानंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून मूळ मजकुराची प्रत आधी बाजूच्या स्लाइडवर ठेवा.

गूगल स्लाइड्समध्येही ऑटोफिटची अशीच सोय आहे, वर्ड आर्ट ओढून ताणता येतं, पण कमान नाही. लिबरऑफिस इम्प्रेसचं फॉन्टवर्क, म्हणजे अक्षरांना आकार देण्याचं साधन, फुकटात बरंच देतं. मात्र फाइल शेवटी दुसऱ्याच्या पॉवरपॉइंटवर उघडणार असेल, तर अशा अक्षरांचं रूप तिथे बदलू शकतं. तेवढा भाग चित्र म्हणून टाका.

दुसऱ्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसला तर ओळी वेगळ्या तुटतात. ऑटोफिट चालू असलं तरी त्या चौकटीतला मजकूर कुणी बदलेपर्यंत हिशोब जुनाच राहतो. फाइल, ऑप्शन्स, सेव्हमध्ये 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल'वर खूण करा आणि सोबत एक पीडीएफ न्या.