लेकीचे रनिंग शूज, आठ महिन्यांनी: सोल एक नंबर, पट्ट्याने घात केला

परवा कंपनीचा मेल आला की तुमची तक्रार "समाधानकारकरीत्या बंद" केलीय. कुणाचं समाधान झालं माहीत नाही, माझं तर झालेलं नाही, म्हणून आज सगळं लिहून काढतेय.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात दोन जोड घेतले होते. एकच मॉडेल, थोरल्याला (वय ९) लेसवालं आणि धाकटीला (वय ६) दोन वेल्क्रो पट्ट्यांचं. धाकटीचा जोड २,२९९ ला पडला. वजन किती, जाळी कशी, फोम कुठला हे सगळ्यांनी आधीच लिहून ठेवलंय, त्यात मी पडत नाही. मला पट्ट्याबद्दलच बोलायचंय.

पट्ट्याला एवढं महत्त्व का, ते आधी सांगते. आम्ही साताऱ्याचे, मी स्वतः पळते, यवतेश्वरचा घाट दोनदा स्पर्धेत चढलेय, त्यामुळे पोरांनाही गोडी लागावी असं फार मनात होतं. मागच्या वर्षी धाकटीला लेसचे बूट होते. लेस मी बांधायची, ग्राउंडवर ती सुटायची, मग ही तिथेच खाली बसून माझी वाट बघायची, तोवर बाकीची पोरं पुढे गेलेली असायची आणि मग काही केल्या उठायची नाही. मला वाटायचं हिला पळायला आवडतच नाही. हे पट्ट्याचे बूट आल्यावर पहिल्याच आठवड्यात सकाळी सव्वासहाला मी चहा टाकतेय तर दारातून खर्रर्र आवाज, बघते तर बाईसाहेब बूट घालून पायरीवर बसलेल्या. सहा वर्षांच्या पोरीला बूट स्वतःचा स्वतः घालता येणं आणि मैदानात सैल झाला तर स्वतःच आवळता येणं, यावरच तिचं पळणं टिकतं हे मला तेव्हा कळलं. त्या महिन्यात रिव्ह्यू लिहिला असता तर डोळे झाकून पाचपैकी पाच दिले असते.

पावसाळ्यातही बूट टिकले हे मान्य करायलाच हवं. साताऱ्याचा पाऊस माहितीये तुम्हाला. शाळेत सरांनी ललिता बाबरबद्दल सांगितलं होतं, आमच्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीची पोरगी २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलला पोचली, दहावी आली. तिच्या शर्यतीत २८ अडथळे आणि वर ७ वेळा पाण्यावरून उडी असते म्हटल्यावर आमच्या दोघांनी दिसेल त्या डबक्याला पाण्याची उडी करून टाकलं. रोज बूट निथळत घरी यायचे, मी आतली गादी बाहेर काढायची, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायची आणि पंख्याखाली ठेवायची (उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका, चिकटवलेलं सुटतं). सोल कुठे उकललं नाही, टाचेकडची शिवण जशीच्या तशी. माझ्या स्वतःच्या महागड्या बुटांनी एका पावसाळ्यात तोंड उघडलंय, त्यामुळे याला मी मनापासून मार्क देते.

ऑगस्टमध्ये मात्र या कंपनीवर माझा भयंकर राग निघाला होता आणि तो चुकीचा होता, हेही सांगायला पाहिजे. थोरला टाच दुखते म्हणून लंगडायला लागला. मी लगेच एक स्टार देऊन टाकला, लिहिलं की कुशनिंग फालतू आहे. नंतर हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी टाच दोन्ही बाजूंनी दाबून बघितली आणि म्हणाले, या वयात टाचेच्या हाडाची वाढ चालू असते, मागची जाड शीर त्या वाढीच्या जागेला खेचते, पळणाऱ्या-उड्या मारणाऱ्या मुलांत हे सर्रास होतं, सेव्हर्स डिसीज म्हणतात. मैदानात चिखल म्हणून जुलैभर मी पोरांना सिमेंटच्या रस्त्यावर पळवत होते आणि त्यातून एकही दिवस सुट्टी नव्हती, खरं कारण ते. तीन आठवडे पळणं बंद, पोटरीचं स्ट्रेचिंग, बर्फाचा शेक, बास. बरा झाला. एक स्टार मी त्याच दिवशी काढला.

तेव्हापासून आमची पद्धतच बदलली. किलोमीटर मोजणं बंद. आठवड्यातून तीनच दिवस, मातीचं ग्राउंड, अर्धा तास. विषामृत, साखळी, लंगडी, मधेच या झाडापासून त्या झाडापर्यंत सुसाट, मग चालत परत. लहान पोरं अशीच पळतात, भसकन पळणार, थांबणार, परत पळणार, एका लयीत दोन-तीन किलोमीटर ओढणं हे मोठ्यांचं काम आहे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं बऱ्यापैकी दमवणारी हालचाल सांगते, पण त्यात खेळ, सायकल, शाळेत पळत जाणं सगळं धरतात. आमचे मामंजी थोरल्याला दहा किलोमीटरच्या शर्यतीत घालायला निघाले होते, त्यांना मी ओडिशाच्या बुधिया सिंगची आठवण करून दिली. २००६ मध्ये चार वर्षांच्या त्या लेकराला पुरीहून भुवनेश्वरकडे ६५ किलोमीटर पळवलं होतं, शेवटी ते कोसळलं आणि पुढे सरकारला त्याच्या अशा पळण्यावर बंदी घालावी लागली. मामंजींनी परत विषय काढला नाही.

आता पट्टा. पाऊस संपला, ऑक्टोबरात गवत वाळलं आणि कुसळं सुरू झाली. वेल्क्रोची एक बाजू आकड्यांची असते, एक लवेची. आकड्यांच्या बाजूत कुसळं, लाल माती, मोज्याचे धागे, माझे केस असं सगळं जाऊन बसायला लागलं. मी जुन्या टूथब्रशने घासायची, सेफ्टी पिनेने एकेक कुसळ उपसायची, दर रविवारी वीस मिनिटं तेच काम. (स्वित्झर्लंडच्या ज्या इंजिनियरने वेल्क्रो काढलं त्याला ते कुत्र्याच्या केसात अडकलेल्या काटेरी फळांवरून सुचलं होतं, थोरल्याला हे सांगितलं तर तो कुसळं भिंगाखाली बघत बसला.) तरी चाललं असतं. खरी गोची अशी की पट्टा जेमतेम दीड सेंटीमीटर रुंद, त्यात धरणारा भाग त्याहून कमी, आणि लवेची बाजू शिवलेली नाही, नुसती चिकटवलेली! नोव्हेंबरात ती एका कोपऱ्याने उचलली गेली. मी फेविक्विक लावलं, ते कडक झालं आणि लव गेली. पुढच्याच शनिवारी साखळी खेळताना खालचा पट्टा सुटला, दुसऱ्या पायाखाली आला आणि पोरगी हात पसरून आपटली. दोन्ही तळहात आणि गुडघा सोलला. रडली थोडंच, पण पुढचे दोन आठवडे दर चार पावलांवर थांबून पट्टा दाबून बघायची. ते बघून माझं आतडं तुटायचं, पाच महिन्यांत कमावलेला बिनधास्तपणा एका पट्टीने घालवला.

कस्टमर केअरला फोटो पाठवले, तीनदा. उत्तर, वॉरंटी ९० दिवस आणि फक्त मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्टला, हे वापराने झिजलंय. अहो, झिजलं कुठे, डिंक सुटलाय! फोनवर एक मुलगी म्हणाली मॅडम किड्स शूज असेही सहा महिन्यांत छोटे होतात. म्हणजे तोवर पोराने पडत राहायचं का? शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली. बारा दिवसांनी कंपनीकडून २० टक्क्यांचं कूपन आलं, म्हणजे परत त्यांच्याचकडे अठराशे रुपये घालायचे. मी नको म्हणाले. त्यावर परवाचा तो मेल.

मधल्या काळात स्टँडजवळ चप्पल-बूट शिवणाऱ्या काकांकडे गेले होते. त्यांनी बूट उलटा-पालटा केला, पट्ट्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, बूट चांगलाय, पट्टीत पैसे वाचवलेत." चारही पट्ट्या काढून एक इंच रुंदीचं जाड वेल्क्रो, दोन्ही बाजूंना डबल शिलाई. ऐंशी रुपये, दोन्ही बुटांचे मिळून. अडीच महिने झाले, एकदाही सुटलेलं नाही, कुसळं आजही अडकतात पण रुंदी असल्यामुळे धरून ठेवतं. लेक आता दाबून बघत नाही.

तर थोरल्याच्या लेसवाल्याला चार स्टार, धाकटीच्याला दोन, आणि तेही सोलसाठी. ज्यांना हाच जोड घ्यायचाय त्यांनी नवा असतानाच पट्ट्या शिवून घ्या, पडायची वाट बघू नका. नंबर घेताना पाय संध्याकाळी सेंटीमीटरमध्ये मोजा, कारण लहान मुलांचे यूके नंबर १३ पर्यंत जाऊन परत १ पासून सुरू होतात आणि ऑनलाइन हमखास घोळ होतो. काल धाकटीच्या अंगठ्यापुढची जागा दाबून पाहिली, माझ्या करंगळीएवढी उरलीय, म्हणजे एप्रिलपर्यंत नवे लागणार. यावेळी दुकानात जाऊन घेणार आणि पट्टी बरोबर नेणार, पट्ट्याची रुंदी मोजायला.