दार, खुर्ची आणि दोन वाक्यं: कंटिन्युइटीच्या सरावाचा अनुभव

ब्रिटनमधल्या ओसीआर परीक्षा मंडळाच्या ए-एस पातळीच्या मीडिया स्टडीज अभ्यासक्रमात मुख्य कामाआधी कंटिन्युइटीचा, म्हणजे वेगवेगळे शॉट सलग वाटतील असे जोडण्याचा, एक छोटा सराव असायचा. एक पात्र दार उघडतं, खोली ओलांडतं, दुसऱ्या पात्रासमोर खुर्चीत बसतं आणि दोघं एक-दोन वाक्यं बोलतात. एवढंच. आमच्या कॉलेजच्या ग्रुपने पावसाळ्यापासून हाच सराव लावून धरलाय. खोली आणि कॅमेरा धरणारा तेवढा बदलतो. पहिल्या शॉर्टफिल्मआधी प्रत्येकाने हा करावा, असं माझं ठाम मत झालंय. इथे गोष्टच नसते, त्यामुळे कट, म्हणजे दोन शॉटमधला जोड, जुळला की नाही हे लख्ख दिसतं.

सगळ्यात जास्त वेळ दार खातं, आणि तो द्यायलाच हवा. बाहेरच्या शॉटमध्ये हात कडीकडे जातो, आतल्या शॉटमध्ये दार उघडतं. हालचाल दोन्हीकडे पूर्ण चित्रित केलेली असली तरच ती जुळते. म्हणून बाहेरचा शॉट नट आत शिरेपर्यंत चालू ठेवायचा आणि आतला दार हलायच्या आधीपासून. दाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती एडिटिंगला पुरते. दार फिरत असतानाच कापलं की कट जाणवत नाही, ते थांबल्यावर कापलं की खटकतो. दोन-तीन फ्रेम मागेपुढे करून बघण्यात मला आजही खूप आनंद मिळतो.

180 अंशांचा नियम पुस्तकात सोपा वाटतो: दोघांना जोडणारी काल्पनिक रेघ कॅमेऱ्याने ओलांडायची नाही, नाहीतर समोरासमोर बसलेले दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात. पण पात्र चालत असताना रेघ त्याच्या चालण्याच्या दिशेने असते, बसल्यावर ती दोघांच्या नजरेमध्ये येते. हा बदल कुठल्या शॉटवर करायचा हे आधी कागदावर ठरवा, जमिनीवर खडूने आखा. या सरावातली सगळ्यात मोलाची शिकवण मला हीच वाटते. एकाच माणसाचा लागोपाठ दुसरा शॉट घेताना कॅमेरा किमान 30 अंश सरकवा, हेही त्यातच अंगवळणी पडतं.

प्रत्येक टेकनंतर मोबाइलवर फोटो काढा. बाही दुमडलेली होती का, पेला कुठल्या हातात होता, कुठल्या शब्दावर तो उचलला, ही नोंद एकाच माणसाकडे असू द्या.

उणीव आवाजाची. सराव त्याबद्दल काहीच सांगत नाही. पंखा बंद ठेवा आणि शूटिंग संपल्यावर सगळ्यांना गप्प उभं करून रिकाम्या खोलीचा मिनिटभर आवाज रेकॉर्ड करा. संवादाच्या कटखाली तो अंथरला नाही, तर चित्र जुळूनही कट कानाला कळतो.