रिठे, धुण्याचा सोडा आणि म्हापशाचे एक दुकान

म्हापशाच्या बाजारात मसाल्यांच्या ओळीला लागून काष्टौषधींचे एक लहान दुकान आहे. शुक्रवारी हळदोण्याच्या मिरच्या आणि मयड्याची केळी घेऊन बसलेल्या बायकांच्या गर्दीत त्याची पायरीसुद्धा दिसत नाही, म्हणून तेथे जायचे झाल्यास आठवड्यातील दुसरा एखादा वार निवडावा. गेल्या जूनपासून आमच्या घरचे धुण्याचे साहित्य तेथून येते: सुटे रिठे, धुण्याचा सोडा आणि एकदा, माझ्या अतिउत्साहामुळे, गवती चहाच्या तेलाचे फरशी पुसण्याचे द्रावण. या तीन वस्तूंविषयी आणि त्या विकणाऱ्या दुकानाविषयी मला लिहायचे आहे; परंतु आम्ही तेथवर का पोहोचलो हे आधी सांगायला हवे, कारण ज्यांच्या घरी कोणाला काही त्रास नाही त्यांनी रिठे उकळत बसण्याचे काही कारण नाही.

गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. या चार महिन्यांत कपडा वाळतो असे म्हणणे धाडसाचे आहे. तो पडवीतल्या दोरीवर तीन दिवस लटकतो आणि मग घडी घालून कपाटात जातो. त्याला येणारा कुबट वास सगळ्यांच्या परिचयाचा आहे. तो केवळ ओलाव्याचा नसून कपड्यात उरलेल्या घामावर आणि तेलकटपणावर वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी त्यामागे मुख्यतः मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असल्याचे दाखवले होते. आमच्याकडे या वासावरचा उपाय म्हणजे फॅब्रिक कंडिशनरचे एक टोपण, आषाढात दोन टोपणे. कपडे धुण्याचे काम घरात माझ्याकडे असल्यामुळे ही टोपणे ओतणारा हात माझाच होता.

त्या जूनच्या आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात घरातील तिघांना तीन वेगवेगळे त्रास सुरू झाले, आणि ते वेगवेगळे होते म्हणूनच त्यांचा एकमेकांशी संबंध आमच्या लक्षात आला नाही. अकरा वर्षांच्या मुलीच्या मानेवर, काखेच्या कडेला आणि कमरेला, म्हणजे जेथे गणवेश घट्ट बसतो आणि घाम येतो नेमक्या तेथे, लाल खरखरीत चट्टे उठू लागले. आईला पूर्वीपासून दमा आहे. धुतलेली चादर अंथरली की तिला खोकला येई आणि ती उठून पडवीत जाऊन बसे. पत्नीला अर्धशिशी आहे, आणि कपाट उघडले की डोके चढते असे ती म्हणत असे. मला स्वतःला यांतले काहीही होत नव्हते. उलट तो वास मला आवडत असे, त्यामुळे घरात या गोष्टीवर सर्वांत उशिरा विश्वास बसलेला माणूस मी आहे. आईचा खोकला मी पावसाच्या माथी मारला, मुलीचे चट्टे घामोळ्यांच्या, आणि पत्नीच्या डोकेदुखीबद्दल जे म्हणालो ते येथे लिहिण्यासारखे नाही.

जानेवारीत, घाम कमी असताना, त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी मुलीची पॅच टेस्ट केली. पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या लहान पट्ट्या अठ्ठेचाळीस तास चिकटवून ठेवायच्या, मग काढून त्या दिवशी आणि पुन्हा दोन दिवसांनी त्वचा पाहायची, अशी ही साधी पण चिकाटीची परीक्षा आहे. ‘फ्रेग्रन्स मिक्स’ नावाच्या पट्टीखाली स्पष्ट लाल फुगवटा आला. या मिश्रणात आठ सुगंधी द्रव्ये असतात आणि त्यांत लवंगेतले युजेनॉल व दालचिनीतले सिनामल हेही असतात, हे ऐकून आई पहिल्यांदा बाईंकडे संशयाने पाहू लागली. बाईंनी तिला समजावले ते मला आजही उपयोगी पडते. त्वचेची ही ॲलर्जी सावकाश चालते. शरीराच्या संरक्षक पेशी एखाद्या द्रव्याला एकदा ओळखू लागल्या की पुढच्या प्रत्येक स्पर्शानंतर एकदोन दिवसांनी चट्टा उठतो, म्हणून आज घातलेल्या कपड्याचा दोष परवाच्या भाजीवर जातो. आईच्या दम्यात मात्र तीव्र वासाने आधीच हळव्या झालेल्या श्वासनलिका तत्काळ आकसतात, आणि अर्धशिशीच्या रुग्णांना वासच सहन होत नाही हे त्या दुखण्याचे एक लक्षण आहे. थोडक्यात, एकाच बाटलीतून तिघींना तीन वाटांनी त्रास होत होता.

घरी येऊन मी ती बाटली प्रथमच वाचली. घटकांच्या यादीत सुगंधासाठी एकच शब्द होता: परफ्यूम. या एका शब्दाखाली कित्येक डझन द्रव्ये असू शकतात. युरोपीय संघात २००५ पासून ॲलर्जी देणारी २६ सुगंधी द्रव्ये ठरावीक प्रमाणाच्या वर असल्यास सौंदर्यप्रसाधनांवर आणि धुण्याच्या साबणांवर नावानिशी छापावी लागतात, आणि २०२३ मध्ये सौंदर्यप्रसाधनांसाठीची ती यादी आणखी बरीच वाढवली गेली. तशी नावे माझ्या हातातल्या बाटलीवर असती तर मुलीच्या अहवालाशी ताडून पाहता आली असती. वास महिनाभर टिकण्याचे कारणही मला तेव्हाच कळले. अनेक कंडिशनरांमध्ये सुगंध अतिसूक्ष्म कुप्यांत भरलेला असतो. त्या धाग्याला चिकटून बसतात आणि कपडा अंगावर घासला की फुटतात. मुलगी शाळेत पळापळ करी तेव्हा त्या नेमक्या मानेवर आणि कमरेवर फुटत असणार.

कंडिशनर त्याच दिवशी बंद झाले. त्यानंतर आम्ही ‘अनसेंटेड’ असे लिहिलेला एक महागडा द्रव साबण आणला, आणि चट्टे कमी झाले तरी गेले नाहीत. अनसेंटेड म्हणजे वास येत नाही एवढेच. साबणाचा मूळ वास दाबण्यासाठी त्यात दुसरे सुगंधी द्रव्य घातलेले असू शकते, आणि आमच्या बाटलीत ते होते. सुगंधी द्रव्य मुळीच नको असल्यास ‘फ्रेग्रन्स-फ्री’ हा शब्द शोधावा आणि तरीही मागची यादी वाचावी. हा अनुभव घेऊन जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही काष्टौषधींच्या दुकानाची पायरी चढलो.

रिठे तेथे गोणीतून सुटे मिळतात. मी दुकानदारांना विचारले, “काका, याची पूड नाही का तयार?” ते म्हणाले, “आहे, पण घरात दम्याचं माणूस असेल तर पूड नेऊ नका. उडते.” हा सल्ला त्यांनी न विचारता दिला आणि तो अगदी योग्य होता, पुढे एकदा मी हट्टाने पूड करून पाहिली तेव्हा मला, ज्याला काही होत नाही त्याला, दहा मिनिटे शिंका आल्या. एक किलो अखंड रिठे आमच्या चौघांच्या घराला दोन महिने पुरतात, आणि खर्च आधीच्या साबण व कंडिशनरच्या निम्म्याहून कमी येतो. आठदहा रिठ्यांच्या बिया काढून टाकायच्या, साली अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी पंधरावीस मिनिटे उकळून गाळायच्या. सालीतील सॅपोनिन पाण्यात उतरते आणि तेच मळ सोडवते. या पाण्याला किंचित आंबूस वास असतो, पण तो वाळलेल्या कपड्यात उरत नाही. रोजचे सुती कपडे, मुलीचा गणवेश, आईची लुगडी या पाण्यात चांगली निघतात आणि सुत मऊ राहते, त्यामुळे कंडिशनरची आठवणही येत नाही. टॉवेल तर पूर्वीपेक्षा अधिक पाणी टिपतात, कारण कंडिशनरचा मेणचट थर त्यांच्यावर आता बसत नाही.

आता दोष. रिठ्याचे पाणी टिकत नाही. आपल्या हवेत ते दोन दिवसांत आंबते आणि तिसऱ्या दिवशी त्याला जो वास येतो त्यापुढे जुने कंडिशनर बरे वाटावे. म्हणजे दर दोन दिवसांनी उकळणे आले. डोळ्यात थेंब गेला तर भयंकर झोंबते, तेव्हा लहान मुलांच्या हाताशी ते ठेवू नये. सॅपोनिन माशांना घातक असते, म्हणून हे पाणी विहिरीकडे, तळ्याकडे किंवा ओहोळात सोडू नये. आम्ही ते माडाच्या आळ्यात ओततो. पांढरे कपडे महिनाभरात मळकट पिवळसर दिसू लागतात. हुमणाचा, म्हणजे माशाच्या आमटीचा, डाग तर रिठ्याला अजिबात जुमानत नाही. हळदीचा रंग उन्हात आपोआप उडतो हे खरे, पण श्रावणात ऊन आणायचे कोठून? आणि खोबरेल तेलाने माखलेल्या उशीच्या अभ्र्यांपुढे रिठे हात टेकतात.

तेथे धुण्याचा सोडा लागतो, आणि माझ्या मते या दुकानातील सर्वांत कमी लेखली गेलेली वस्तू तीच आहे. सोडियम कार्बोनेट कोमट पाण्यात दोन चमचे घालून पांढरे कपडे व अभ्रे तासभर भिजवले की तेल सुटते, घामाचा अंश निघतो आणि कुबट वासाला मूळ आधारच उरत नाही. आमचा कुबटपणा निम्मा या भिजवण्याने गेला आणि उरलेला पडवीत लावलेल्या पंख्याने. पंख्याखाली पातळ कपडा रातोरात वाळतो, आणि लवकर वाळलेल्या कपड्याला झाकण्यासारखा वासच येत नाही. सोड्याने हात कोरडे पडून फाटतात, म्हणून हातमोजे आवश्यक आहेत, आणि रेशीम व लोकर यांना तो लावू नये. दुकानाविषयी माझी खरी तक्रार येथे आहे. हा सोडा साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर काहीही न लिहिता दिला जातो. दिसायला तो मिठासारखा, आणि स्वयंपाकघरात खाण्याचा सोडाही असतोच. मी दोनदा सांगूनही पिशवीवर चिठ्ठी आली नाही. घरी आणताच तो नाव लिहिलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा आणि तो डबा स्वयंपाकघराबाहेर ठेवावा.

गवती चहाचे द्रावण ही माझी चूक होती, दुकानाची अर्धीच. फिनेलच्या वासाने आईला धाप लागते म्हणून मी दुसरे काही मागितले. दुकानदारांनी “हे नैसर्गिक, काही होत नाही” म्हणत बाटली पुढे केली. गवती चहाचा वास सिट्रल या द्रव्याचा असतो, आणि सिट्रल हे वर सांगितलेल्या २६ द्रव्यांपैकी एक आहे. लिंबावर्गीय फळांच्या सालीतले लिमोनीन आणि लव्हेंडरमधले लिनालूल यांचेही तसेच. शिवाय ही दोन्ही द्रव्ये हवेशी संयोग पावून जुनी झाली की अधिक ॲलर्जी देतात, म्हणजे अर्धी वापरून ठेवलेली बाटली नव्या बाटलीहून वाईट. झाडातून आले की कारखान्यातून, त्वचेला त्याचे सोयरसुतक नसते. आईला दुसऱ्याच दिवशी खोकला आला, आणि अनवाणी फिरणाऱ्या मुलीच्या पायाच्या बोटांमध्ये आठवड्याने चट्टा दिसला. तो त्या द्रावणामुळेच आला असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण बाटली ठेवून दिल्यावर तो गेला. आता फरशी साध्या पाण्याने पुसतो, आठवड्यातून एकदा त्यात चिमूटभर सोडा घालतो. चवथीला आलेल्या पाहुण्यांपैकी एका मावशींनी “फिनेल मारलं नाही वाटतं?” असे विचारले, आणि आई माझ्या आधी बोलली: “मारलं असतं तर मी आरतीला उभी राहिले नसते.”

कपाटातील डांबरगोळ्यांऐवजी दुकानदारांनी वेखंड सुचवले. नॅफ्थलीनच्या गोळ्या आम्ही तसेही काढल्या होत्या. जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना त्या गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांमुळे रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते, आणि युरोपीय संघाने त्यांची विक्री २००८ मध्येच बंद केली. वेखंड मात्र पत्नीने दुसऱ्या दिवशी परत पाठवले. त्याचा वास जुना, घरगुती आणि आजीच्या ट्रंकेची आठवण देणारा असला तरी वासच आहे, आणि तिचे डोके आठवणींत भेद करत नाही. दुकानदारांनी कुरकुर न करता ते परत घेतले, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

नोव्हेंबरपर्यंतचा हिशेब असा. मुलीची मान आणि कंबर ऑगस्टअखेर स्वच्छ झाली. शाळेतल्या मैत्रिणीचा स्वेटर घालून आली तेव्हा एकदाच, दोन दिवसांनी, मानेवर जुना चट्टा परतला. आईचा दमा गेलेला नाही आणि जाणारही नाही, तिचा औषधाचा पंप उशाशी असतोच, पण अंथरूण बदलल्यावर ती आता पडवीत जात नाही. पत्नीची अर्धशिशी जशीच्या तशी आहे. फक्त कपाटापाशी ती सुरू होत नाही. ज्यांच्या घरी असे काही घडत असेल त्यांनी प्रथम त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे आणि मग या दुकानात, उलट क्रमाने नव्हे. रिठे कोणताही रोग बरा करत नाहीत, ते केवळ एक त्रासदायक वस्तू घराबाहेर ठेवायला मदत करतात. ज्यांना दर दोन दिवसांनी उकळण्याचा वेळ नाही त्यांनी फ्रेग्रन्स-फ्री लिहिलेला साबण आणि सोडा एवढ्यावर भागवावे.

दुकान दुपारी जेवणाच्या वेळी बंद असते, पिशवी आपली न्यावी लागते, आणि सुटे पैसे जवळ असलेले बरे. पुढच्या खेपेला मला एक किलो रिठे आणि अर्धा किलो सोडा आणायचा आहे. सोड्याच्या पिशवीवर लावायची चिठ्ठी यावेळी मीच घरून लिहून नेणार आहे, पंचवीसतीस प्रती, दुकानदारांना ठेवायला.