उरलेला माल: दान की ओला कचरा?

इंदूरच्या मोठ्या सुपरमार्केटमध्ये रात्री ब्रेड, भाजी, मुदत संपत आलेलं दही उरतंच. त्याचं काय करायचं?

ओल्या कचऱ्याच्या गाडीत टाकणं सोपं. इंदूरच्याच देवगुराडियाचा कचरा प्रकल्प २०२२ पासून सुरू आहे, रोज ५५० टन ओला कचरा घेऊन बायो-सीएनजी, म्हणजे गाड्यांना चालणारा गॅस, बनवण्याची त्याची क्षमता. आपण इंदूरकरांना त्याचा अभिमान आहे, आणि असावाच. पण खाण्याजोगा ब्रेड तिथे जाणं मला पटत नाही.

दान करणं कठीण आहे, हे मान्य. माल रोज निवडायचा, दही थंडच ठेवायचं, मुदतीच्या आत पोचवायचं. किराण्यात नफा आधीच तुटपुंजा, त्यात माणसं आणि गाडी वेगळी. शिवाय कोणी आजारी पडलं तर, ही धास्ती. मात्र उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी एफएसएसएआयचे, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१९ चे नियम आहेत, म्हणजे वाट आखलेली आहे. कराचं कारणही टिकत नाही: माल फुकट द्या किंवा नष्ट करा, जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) दोन्हीकडे सोडावंच लागतं. फ्रान्सने तर २०१६ मध्ये मोठ्या दुकानांना खाण्याजोगा माल नासवायला बंदीच केली.

कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. तो धनादेश दिला, की उरलेल्या मालाची जबाबदारी संपत नाही. म्हणून आधी दान. सडलेलं, फुटलेलं तेवढंच देवगुराडियाला. सुरुवात ब्रेड आणि फळांपासून करावी, त्यांना शीतसाखळी लागत नाही.