कार्बन नेकच्या नावाखाली बाइकचा स्टिकर

डोंबिवलीत राहून गिटार वाजवायची म्हणजे जून लागला की धडकी भरते. लाकूड दमट हवा पितं, नेक म्हणजे गिटारची दांडी मागे झुकते आणि पहिल्या तीन-चार फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, तारा खरखरायला लागतात. गणपतीच्या ऑर्केस्ट्राच्या तालमी नेमक्या तेव्हाच. त्यामुळे दमट हवेला दाद न देणाऱ्या कार्बन फायबरच्या नेकचं खूळ माझ्या डोक्यात फार दिवसांचं. अमेरिकेत ट्रॅव्हिस बीनने १९७४ मध्ये ॲल्युमिनियमचे नेक आणले, १९८० च्या सुमारास नेड स्टाइनबर्गरने कार्बनची, हेडस्टॉकच (तारा पिळायच्या खुंट्यांचं टोक) नसलेली बास गिटार बाजारात आणली, हे सगळं मी पाठ करून बसलेलो. फसवायला असंच गिऱ्हाईक लागतं.

मार्चमध्ये एक जाहिरात दिसली. जुनी गिटार, कार्बन नेक, ३८,००० रुपये. विकणारा ठाणे स्टेशनबाहेर भेटला. नेकच्या मागे काळी चकचकीत विणकामाची नक्षी. हेडस्टॉक दाखवत म्हणाला, "बघा दादा, ट्रस रॉडचं भोकच नाहीये. कार्बनला लागतच नाही." ट्रस रॉड म्हणजे नेकचा बाक कमी-जास्त करायला आत घातलेली धातूची सळई. सुरुवातीचे काही कार्बन नेक खरोखरच तिच्याशिवाय बनायचे, हे मला माहीत होतं. मीच मान डोलावली. रोख मोजून दिले.

जुलैत तारा खरखरल्या. आधी वाटलं, ॲम्पच बिघडला.

दुरुस्तीवाल्या काकांनी गिटार उलटी करून नेकचे चार स्क्रू काढले. खोबणीत बसणारा भाग पिवळाधमक, सरळसरळ मेपलचं लाकूड. आणि त्याच टोकाला ट्रस रॉड कसायचा-सैल करायचा नट! जुन्या पद्धतीच्या नेकमध्ये तो तिथेच असतो, हेडस्टॉककडे काही दिसत नाही. काकांनी नखाने कडा उचलली, तर "कार्बन" सोलून वर आला. बाइकच्या टाकीवर लावतात ना, तोच स्टिकर. हेडस्टॉकच्या वळणावर नक्षीच्या चौकटी ताणून लांबट झाल्या होत्या. ठाण्यात उजेडात तेवढं जरी बघितलं असतं तरी कळलं असतं. खरे कार्बन नेक तर बऱ्याचदा नुसते काळे असतात, नक्षी दिसतेच असं नाही.

तुम्ही घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी ते चार स्क्रू काढायला लावा. तारा ढिल्या करायचा कंटाळा आला, असं तो म्हणाला तर पुढची लोकल पकडा. आणि बोलणं फोनवर नको, लिहून घ्या. मी जाब विचारला तेव्हा त्याने आमचेच जुने मेसेज मला पाठवले. सगळीकडे "कार्बन फिनिश" एवढंच होतं. "नेक आतून कार्बनचा आहे" हे तो फक्त फोनवर बोलला होता. तक्रार करायला हातात काय?

काकांनी स्क्रूड्रायव्हरने नट पाव फेरा सैल केला, तारा चढवल्या. खरखर गेली. ३०० रुपये घेतले.